चौदा नंबरचं छत

मांडवकर कुठल्याही वस्तूला आधी तळहात लावत नसत. पाइप असो, पत्रा असो, चहाचा ग्लास असो नाहीतर आजारी माणसाचं कपाळ असो, आधी हाताची मागची बाजू टेकायची, डोळे किंचित बारीक करायचे आणि मग आकडा सांगायचा. "सात डिगरी." "बावन्न." मी पुण्याहून इंजिनियरिंगची पदवी घेऊन दुबईत नवानवा आलो होतो आणि माझ्या खिशात कंपनीचा थर्मामीटर होता. पहिला आठवडाभर मी त्यांच्या मागोमाग थर्मामीटर लावत फिरलो. एक-दोन अंशांपलीकडे त्यांची चूक सापडली नाही. माझा हा उद्योग ते गुपचूप बघत होते हे मला फार उशिरा कळलं.

"मागची कातडी पातळ असते," ते म्हणाले, "आणि पत्र्यात करंट असला तर तळहाताची मूठ वळते, सुटत नाय. मागनं हात लावला तर झटक्यासरशी बाजूला येतो. शिकवलं नाय का कालेजात?"

शिकवलं नव्हतं.

आमची कंपनी इमारतींच्या एअर कंडिशनिंगचं काम करायची. मोठी इमारत गार ठेवायची तर गार पाण्याचे पाइप मजल्यामजल्यावर फिरवावे लागतात, आणि त्या पाइपांना काचेच्या लोकरीचे, म्हणजे ग्लासवूलचे कपडे चढवावे लागतात. नाहीतर वर पोचेपर्यंत पाणी कोमट होतं. हे कपडे चढवणाऱ्या टोळीचे मांडवकर फोरमन. गाव गुहागरच्या बाजूचं. आधी मस्कत, मग कुवेत, मग दुबई. किती वर्षं झाली असं विचारलं की म्हणत, "बावीस उन्हाळे." वर्षं ते मोजतच नसत. दिसायला काटकुळे, भुवयांवर काचेची पांढरी कुसं, आणि ऑगस्टातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेला लांब बाह्यांचा शर्ट, कारण ती लोकर अंगाला लागली की दोन दिवस खाजवत बसावं लागतं. कॅम्पातली मराठी पोरं त्यांना नाना म्हणत. मी मात्र शेवटपर्यंत मांडवकरच म्हणत राहिलो. ते मला सायेब म्हणत, आणि त्यात आदर किती आणि टिंगल किती याचा मला कधी पत्ता लागला नाही.

हा माणूस कायमचा दमलेला होता. आजारी नव्हता, आळशी तर नव्हताच. पण बसताना "दमलो वो" आणि उठताना "चला, दमूया" असं त्यांचं चालायचं. कुणाचं काम आवडलं तर "चालेल" म्हणायचे. त्यापुढची शाबासकी त्यांच्याकडे नव्हती. आवडलं नाही तर चिकटवायच्या डिंकाचा ब्रश पाठीत बसायचा. त्यांच्या टोळीतल्या पठाणालासुद्धा तो बसलेला मी पाहिलाय, आणि पठाण हसत होता.

कामाबद्दल त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं आणि ते त्यांनी मला पहिल्याच महिन्यात ऐकवलं. "थंडी म्हणून काय वस्तू नसते सायेब. ऊब तेवढी खरी. पाणी जातं उताराला आणि ऊब जाते गाराकडं. तिला अडवणारा अजून जन्माला नाय आला. आपण नुसता उशीर करायचा." हीच गोष्ट मी कॉलेजात दोन पानं समीकरणं घालून शिकलो होतो. रोज सकाळी टोळीला हाक मारताना ते "चला, उशीर करायला" असंच म्हणत, आणि नवीन आलेला माणूस बिचारा घड्याळाकडे बघे.

माझी त्यांची पहिली चकमक ऑगस्टातच झाली. एका इमारतीत गार पाणी आधीच सुरू झालं होतं आणि पन्नास फूट पाइप उघडा राहिला होता. बाहेरची दमट हवा आत येत होती आणि पाइपावरून पाण्याचे थेंब ओघळत होते.

"मांडवकर, एवढा पट्टा आज संपवायचाय."

"पाइपाला घाम आलाय. ओल्या अंगावर सदरा घालत नाय कोण."

"मग पुसून घ्या."

"पुसला की परत येतो. पाणी बंद करायला सांगा, पाइप सुकू दे, मंग घालू."

पाणी बंद करायचं म्हणजे मालकाच्या माणसाकडे परवानगी मागायची, आणि तो अंगावर यायचा. मी भ्यायलो होतो, म्हणून आवाज चढवला. "शेड्यूल आहे मांडवकर. इन्स्ट्रक्शन समजा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बरं म्हणाले आणि कामाला लागले.

तीन आठवड्यांनी त्या जागेखालच्या फॉल्स सीलिंगवर तपकिरी डाग पडला आणि थेंब गळायला लागले. मांडवकरांनी वरचं आवरण चिरलं, आतली लोकर मूठभर काढली आणि माझ्यासमोर पिळली. पाण्याची धार लागली. "लोकर ऊब अडवत नाय सायेब, तिच्यात अडकलेली हवा अडवते. हवेच्या जागी पाणी बसलं की खलास." आता पन्नासच्या पन्नास फूट उचकटावं लागणार, असा हिशेब मी करत होतो. तर यांनी त्या दिवशी फक्त दहा फूट केलं होतं. बाकीच्याला टेप आली नाही, डिंक सुकला, अशा सबबी सांगत पाणी बंद होईपर्यंत चालढकल केली होती. "दहा फूट तुमच्या शिक्षणाचे," एवढंच म्हणाले. ही गोष्ट त्यांनी ऑफिसात कुणालाही सांगितली नाही.

पुढे आमचं जरा जमलं. आम्ही बर दुबईत अल मनखूलला राहायचो, मी, बायको आणि पाच वर्षांची मुलगी. मायलेकी माझ्यानंतर वर्षभराने आल्या, आणि पहिल्याच उन्हाळ्यात बायकोचा हात थंड पाण्याच्या नळाखाली भाजला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी जूनमध्ये उकळतं असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. मी हे साइटवर बोललो, तर शुक्रवारी मांडवकर टूलबॉक्स घेऊन दारात हजर. त्यांनी गिझरचं बटण बंद केलं आणि त्यावर टेप मारून टाकली.

"वहिनी, आता सप्टेंबरपर्यंत लाल नळ गार आणि निळा नळ गरम. गिझर घरात असतो, एसीत. त्याच्यातलं पाणी बसल्या बसल्या आपली ऊब घरातल्या हवेला देतं. पण त्यालाही आतनं जाकीट असतं, म्हणून वेळ लागतो. एकदम सगळं उपसू नका."

मग ते घरभर फिरले. खिडकीच्या फटीला हाताची मागची बाजू, दाराच्या चौकटीला, फ्रिजच्या रबराला. मुलगी बघत राहिली. "मम्मा, व्हाय इज अंकल टचिंग एव्हरीथिंग?" बायकोने तिला दटावलं. मांडवकर मात्र खाली बसले आणि तिचा तळहात स्टीलच्या डब्यावर आणि मग लाकडी पोळपाटावर ठेवून विचारलं, "गार काय?" तिने डबा दाखवला. "दोन्ही सारकेच हायत. डबा तुझी ऊब पटकन पळवतो, म्हणून गार वाटतो. लाकूड चोर नाय." तिला किती कळलं कोण जाणे, तिने "ओके अंकल" म्हटलं. जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत, पण जाताना फ्रिज उघडा ठेवून भाजी शोधणाऱ्या बायकोकडे असं बघितलं की ती आजही फ्रिजचं दार पटकन लावते.

अल कूजला कंपनीचा कॅम्प होता. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. तिथे मांडवकरांनी पाण्याच्या कॅनना ओली गोणपाटं गुंडाळून ठेवली होती. जूनमध्ये कोरडा वारा सुटला की ते पाणी माठातल्यासारखं गार व्हायचं. ऑगस्टात हवा दमट झाली की गोणपाट तसंच ओलं राहायचं आणि पाणी कढत. तेव्हा ते टोळीला एकेकाला उभं करून बजावत. "घाम गळतोय म्हणून खूश होऊ नका. गळलेला घाम फुकट. अंगावर सुकेल तोच गारवा देतो. सुकत नाय असं दिसलं की सावलीत बसायचं, कोण काय बोलला तर माझं नाव सांगायचं." त्यांचं नाव सांगून बसलेली माणसं मी अनेकदा पाहिली. मीही काही बोललो नाही, एवढं मात्र माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

आणि आता जे सांगायचं टाळत होतो त्याकडे येतो.

एका मे महिन्यात त्यांनी मला शुक्रवारी कॅम्पावर जेवायला बोलावलं. सुरमई आणि तांदळाची भाकरी. जेवण झाल्यावर दुपारी तीनच्या सुमाराला म्हणाले, "सायेब, जरा चौदा नंबर बघून घ्या." चौदा नंबरच्या खोलीत रात्रपाळीची माणसं राहायची. चार दुमजली खाटा, आठ माणसं, आणि त्यांना झोपायचं ते दिवसा. खिडकीतला एसी घरघरत होता. पायांना गार वाटत होतं, पण डोकं आणि खांदे तापत होते, कुणी तापलेला तवा वर धरल्यासारखे. वरच्या खाटांवरची चारही माणसं जागी होती, छातीवर ओले टॉवेल टाकून पत्र्याकडे बघत. भिंतीवर एक कागद चिकटवला होता. कुणी कुठल्या आठवड्यात वर झोपायचं याची पाळी.

"एसी हवेला गार करतो," मांडवकर हळू आवाजात म्हणाले, "पत्रा हवेला विचारत नाय. सरळ माणसाला तापवतो."

रेडिएशनचा धडा मला परीक्षेत चांगला गेला होता. तो काय असतो हे मला त्या दिवशी डोक्याच्या टाळूला कळलं.

खालच्या खाटेवर यशवंत कदम नावाचा चाळिशीचा माणूस बसला होता, मांडवकरांच्या शेजारच्या गावचा. त्याच्या मनगटाला प्लास्टर होतं. आदल्या आठवड्यात तो कामावर शिडीवरच पेंगला आणि घसरला. "हा दुसऱ्या पायरीवर होता म्हणून मनगटावर भागलं," मांडवकर म्हणाले. "पुढचा चौथ्या माळ्यावर असंल. झोप नाय ना कोणाला. जुलै अजून यायचाय."

त्यांना हवं होतं ते अगदी साधं होतं. संपलेल्या एका कामातले ग्लासवूलचे चांदीच्या कागदाचे तक्ते स्टोअरमध्ये पडून होते, काही कोपरे तुटलेले. ते आतून छताला लावायचे. माल बाहेर काढायला माझ्या सहीचा कागद लागत होता आणि त्यावर मॅनेजर खन्नासाहेबांची मंजुरी.

"घ्या," मी म्हटलं. "कागद मी करून देतो."

"कदी?"

"ह्याच आठवड्यात. इन्शाल्ला."

ते हसले. "सायेब, इन्शाल्ला म्हणजे होय का नाय? अरब बोलला तर समजतं. आपला माणूस बोलला की समजत नाय."

मीही हसलो. आणि तो कागद केला नाही. फार मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. पहिल्या आठवड्यात खन्नासाहेबांचा मूड वाईट होता. दुसऱ्यात माझं व्हिसा रिन्यूअल त्यांच्या टेबलावर होतं, म्हणून मला काही मागायचं नव्हतं. मग राहून गेलं. मांडवकरांनी तीनदा आठवण केली. चौथ्यांदा केली नाही, आणि मला हायसं वाटलं.

जुलैतल्या एका शुक्रवारी त्यांनी चार माणसं घेतली, पिकअपमधून तक्ते आणले आणि सकाळपासून दुपारपर्यंत चौदा नंबरचं छत आतून मढवून काढलं. डिंकाने पिना चिकटवल्या, त्यावर तक्ते टोचले, सांध्यांवर चांदीची टेप ओढली. पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. दुपारचे तीन. दाराशी उभं करून म्हणाले, "ऐका." आत आठ माणसं घोरत होती. यशवंत वरच्या खाटेवर तोंड उघडं टाकून झोपला होता, प्लास्टर निघालेला हात खाली लोंबत. मांडवकर बराच वेळ दारात उभे राहिले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला ते खूश दिसले. "चालेल," म्हणाले.

मी तेव्हा विचारायला हवं होतं, माल कुठल्या कागदावर काढलात. विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

ऑगस्टात स्टोअरची मोजणी झाली आणि तक्ते कमी भरले. वॉचमनने पिकअपचं सांगितलं. खन्नासाहेबांनी मांडवकरांना केबिनमध्ये बोलावलं आणि त्या कामाचा इंजिनियर म्हणून मलाही. खन्नासाहेब तसे दुष्ट नव्हते. त्यांनाही वरून कुणीतरी झापलं होतं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, आणि त्यांना हे प्रकरण दहा मिनिटांत संपवायचं होतं.

"किसकी परमिशन थी?" त्यांनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमने दी थी?"

एक शब्द पुरे होता. हो. मी दिली होती, मे महिन्यात, स्वतःच्या तोंडाने. माझं काय झालं असतं? एक मेमो मिळाला असता, कदाचित पगारवाढ अडली असती. पण मला त्या क्षणी मुलीची शाळा दिसली, अल मनखूलचं घर दिसलं. मी म्हणालो, "सर, इन रायटिंग तो कुछ नहीं है."

मांडवकरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या पाइपाकडे बघावं तसं, हा किती अंशांवर आहे ते ठरवत. मग खन्नासाहेबांकडे वळून म्हणाले, "साहब को मालूम नहीं था. मैं ले गया."

"बावीस साल गल्फ में रहके ये किया, मांडवकर?" खन्नासाहेबांचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. "देखो, पोलीस केस नहीं करूंगा. लेकिन कॅन्सल तो होगा. और वो माल उतारके वापस स्टोअर में."

कॅन्सल म्हणजे व्हिसा रद्द, आठवड्याभरात परत पाठवणी, आणि रेकॉर्डवर चोरी. बाहेरच्या पॅसेजमध्ये मी काहीतरी बोलायला गेलो, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"ते राहू दे. आता एकच करा. ते छत उतरवू देऊ नका."

त्याच दुपारी मी कागद केला. चिकटवलेला माल उचकटताना फाटतो, पुन्हा वापरता येत नाही, उतरवण्याची मजुरी फुकट जाईल, सबब भंगारात दाखवावा. खाली सही. खन्नासाहेबांनी न वाचताच मंजुरी दिली. मे महिन्यापासून जो कागद माझ्याकडून झाला नव्हता, तो करायला मला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांची शरम मी अजून कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही.

ते गेले त्या दिवशी सकाळी मी कॅम्पावर गेलो. दोन बॅगा आणि दोरीने बांधलेलं एक ब्लँकेट पिकअपच्या मागे टाकलं होतं. ऑफिसचा माणूस त्यांचा पासपोर्ट स्वतःच्या खिशात ठेवून ड्रायव्हरशेजारी बसला होता. पासपोर्ट आता विमानतळावरच हातात मिळणार होता. टोळीतली दिवसपाळीची माणसं कामावर गेली होती. रात्रपाळीची नुकतीच येऊन झोपली होती. मांडवकरांनी कुणालाही उठवू दिलं नव्हतं. यशवंतालासुद्धा नाही.

मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. प्रत्यक्षात एकच निघालं. "मांडवकर, मी त्या दिवशी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, जाऊ दे वो, असं काहीतरी म्हणतील. म्हटलं नाही. ते मागच्या सीटवर चढून बसले.

"मी आज जाऊन सांगतो खन्नांना. अजून वेळ आहे. खरं काय ते सांगतो."

तेव्हा ते एकदम पुढे वाकले आणि खिडकीच्या काचेवर त्यांची बोटं घट्ट झाली. "काय सांगाल? परवानगी तुमचीच होती म्हणून? मंग तुमचा तो भंगाराचा कागद कोण खरा मानंल? सगळं परत उघडणार, आणि छत खाली येणार. माझं तर झालंच. आता बोलू नका सायेब. कदीच बोलू नका."

"पण चोर म्हणून तुमचं नाव..."

"आठ माणसं झोपलीत तिथं," ते म्हणाले. "हळू बोला."

"यल्ला, यल्ला, देर हो रहा है," पुढे बसलेला ऑफिसचा माणूस म्हणाला. पिकअप खडीवरून वळली. मागच्या काचेतून मला त्यांची मान दिसत होती, कॉलरचं वरचं बटण लावलेली, सरळ. ती माझ्याकडे वळली नाही. मी तिथे उभा होतो, मला ओरडावंसं वाटत होतं, आणि पत्र्याच्या पलीकडे आठ माणसं घोरत होती.